पान कोणत्या रंगाचं असतं?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६. वेळ असेल तर लगेच पुढचा २७ वा श्लोकही वाचून ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे येणार आहोत.

हा श्लोक आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असेल. भगवंत म्हणतात, जो मला भक्तीने एखादं पान, फूल, फळ किंवा नुसतं पाणी देतो, त्या शुद्ध मनाच्या माणसाने भक्तीने आणलेलं ते मी खातो. श्लोक छोटा आहे, पण दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. पहिली, पान, फूल, फळ, पाणी यांचा उल्लेख एकेकदाच आहे आणि भक्तीचा दोनदा. दुसरी, भगवंत 'स्वीकारतो' म्हणत नाहीत, 'खातो' म्हणतात. फळ खाल्लं, पाणी प्यायलं तर समजू शकतं. पान आणि फूल कोण खातं? ज्ञानेश्वर माउलींना नेमकी ही गंमत दिसली. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात त्यांचे श्रीकृष्ण सांगतात की फूल खरं तर हुंगायचं असतं, पण भक्ताने दिलं की मी ते सरळ तोंडातच टाकतो. आणि फूल तरी कशाला, एखादं पान चालेल. तेही ताजंच हवं असं नाही. सुकलेलं असलं तरी चालेल.

'सुकलेलं चालेल' हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता आजचा प्रश्न. पान झाडाचं आणि झाड देवाचं. मी फक्त हात वर करून ते तोडलं. मग यात मी दिलं काय? आमच्या लोणी काळभोरकरांसाठी हा प्रश्न शेजारचाच आहे. सोलापूर रोडने थेऊर फाट्याला आत वळलं की चिंतामणीचं देऊळ. अष्टविनायकांपैकी एक. कथा अशी की गणासुराने कपिल मुनींचा चिंतामणी हिरावून घेतला, गणपतीने तो परत मिळवून दिला आणि मुनींनी तो कदंबाच्या झाडाखाली गणपतीच्याच गळ्यात बांधला. म्हणजे मनात येईल ते देणारा मणी ज्याच्या गळ्यात आहे, त्याच्यासमोर आपण दूर्वांची जुडी घेऊन उभे राहतो. त्याला गवताचं काय कौतुक असणार?

रंगकामाचा रविवार

गणपतीच्या आधीच्या एका रविवारी आमच्या सोसायटीत मुलांसाठी पानं रंगवायचा कार्यक्रम ठेवला होता. ए-फोर कागदावर पानांच्या बाह्यरेषा छापलेल्या. पिंपळ, बेल, दूर्वा, तुळस, रुई, शमी. खडूंचे डबे मध्ये ठेवले आणि दहा मिनिटांत बहुतेक सगळी पानं तयार. सगळी एकाच हिरव्या रंगात! दूर्वा तीच, पिंपळ तोच.

एका मुलीने मात्र पिंपळाचं पान गुलाबी-तांबूस रंगवलं होतं. शेजारच्या काकू प्रेमानेच म्हणाल्या, "अगं, पान हिरवं असतं ना?" तिने हट्ट केला नाही, की रडली नाही. म्हणाली, "पंपरूमच्या भिंतीतून आलंय ते असंच आहे." सगळी वरात खाली गेली. भिंतीच्या फटीतून पिंपळाचं वीतभर रोप आलेलं, आणि शेंड्याची दोन पानं खरोखर तांबूस गुलाबी.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल. एखादी गोष्ट वारंवार विचारली गेली की सिस्टिम तिचं उत्तर कॅशेमध्ये ठेवते. पुढच्या वेळी मूळ सर्व्हरकडे जायची गरज पडत नाही. 'पान कोणत्या रंगाचं?' असं विचारलं की आपल्या मनाचं तेच होतं. 'हिरवं' हे उत्तर झटकन येतं आणि झाडापर्यंत प्रश्न पोचतच नाही. त्या मुलीचा प्रश्न झाडापर्यंत पोचला होता.

मग आम्ही कागद बाजूला ठेवले आणि खरी पानं समोर घेऊन बसलो. तेव्हा जे दिसलं त्यातलं थोडं सांगतो, कारण आजच्या श्लोकाचं उत्तर मला त्यातच आहे असं वाटतं.

पान नीट पाहिलं तर

हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते सूर्यप्रकाशातला लाल आणि निळा भाग जास्त शोषतं, हिरवा कमी, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं आणि पिंपळ, आंबा अशा झाडांच्या पालवीत लाल रंगद्रव्य असतं. कडक उन्हापासून कोवळ्या पेशींना त्याचं संरक्षण मिळतं असं मानलं जातं. पिवळ्या रंगाची गोष्ट आणखी वेगळी. तो पानात पहिल्यापासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. हिरवा ओसरला की तो दिसायला लागतो.

बेलाचं त्रिदळ आपण 'तीन पानं' म्हणतो. वनस्पतिशास्त्र म्हणतं, हे एकच पान आहे, तीन पर्णिकांचं. ओळखायची खूण सोपी. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथल्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो, पुढच्या फांदीचा. पर्णिकेच्या बुडाशी असा डोळा नसतो. मुलांनी बेलाच्या फांदीवर तो डोळा शोधून काढला. तीन दिसतात पण एक आहे, हे शिवाला वाहायच्या पानाबद्दल कळल्यावर दोन-तीन मोठी माणसंही गप्प झाली.

दूर्वा हे गवत, तिच्या शिरा सरळ, एकमेकींना समांतर. पिंपळाच्या शिरांचं जाळं आणि टोकाला ती लांब शेपटी, पावसाचं पाणी पटकन निथळून जावं म्हणून. तुळशीची पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात, म्हणजे कुणाची सावली कुणावर कमी पडते. तिच्या पानावर बारीक लव आणि तेलाच्या ग्रंथी असतात. हात लागला की त्या फुटतात आणि वास येतो. शमीचं एक पान म्हणजे कितीतरी बारीक पर्णिकांच्या रांगा. रुईचं पान जाड, वर पांढरट थर, आणि तोडलं की चीक.

इथे एक काळजीचा मुद्दा. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींच्या याद्यांत रुई, धोत्रा आणि कण्हेरही येतात. कण्हेर आणि धोत्रा विषारी आहेत, आणि रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. पूर्वी घरातल्या मोठ्यांना हे माहीत असायचं, कारण पत्री गोळा करायला तेच जायचे, मुलांना बरोबर घेऊन. श्रावण-भाद्रपदातलं ते पानांचं शिक्षणच होतं. माका कुठे उगवतो, आघाडा कसा ओळखायचा, डोरलीचे काटे कसे चुकवायचे. एरवी गणपतीला न वाहिली जाणारी तुळस त्या एका दिवशी का चालते, यावर गप्पा व्हायच्या. आज आपण बाजारातून पत्रीची जुडी घेतो. आत काय आहे ते आपण बघत नाही आणि विकणाऱ्यालाही कुणी विचारत नाही. पूजा सांगणारे गुरुजी एकेका पानाचं नाव घेतात आणि आपण हाताला येईल ते पान वाहतो.

न बघता दिलेलं

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण दसऱ्याला दिसतं. रघुराजा, कौत्स आणि कुबेराने पाडलेला सोन्याचा पाऊस ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. त्या सोन्याची आठवण म्हणून आपण आपट्याची पानं वाटतो. पण दसऱ्याच्या बाजारात अनेकदा आपट्याच्या नावाने कांचनाची पानं विकली जातात. दोन्ही एकाच घराण्यातली, दोन्हींच्या पानाला मध्ये खाच, त्यामुळे फसायला होतं. आपट्याचं पान लहान, रुंद आणि जाडसर; कांचनाचं त्याहून मोठं. मागणी एका दिवसाची पण प्रचंड, म्हणून झाडांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. निसर्गप्रेमी मंडळी दरवर्षी हात जोडून सांगतात की असं करू नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते 'सोनं' आपल्याच जिन्यात आणि कचऱ्याच्या डब्यात पडलेलं असतं.

यावर माझ्या एका मित्राचं म्हणणं असं: "देव काय बॉटनीचा पेपर तपासणार आहे का? आपटा की कांचन, त्याला काय फरक पडतो? भाव महत्त्वाचा. तू हे सगळं शिरा-पर्णिकांचं घेऊन बसलास तर भक्ती राहील बाजूला आणि ज्ञानाचा अहंकार वाढेल."

त्याचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. त्याच्या बाजूने माउलीच आहेत. त्याच ठिकाणी ज्ञानेश्वरीत सांगितलंय की पान, फूल, फळ हे तर भजनाचं निमित्त, खरा विषय भक्तीच. म्हणजे चुकीचं पान वाहिलं म्हणून देव परत पाठवणार नाही. ज्याला दिसत नाही, ज्याला कुणी शिकवलं नाही, ज्याच्या घराजवळ झाडच नाही, त्याचं पानही तो खाणारच. शिवाय नुसतं ज्ञान कुठे नेतं तेही आपल्याला ठाऊक आहे. शाळेच्या जर्नलमध्ये पानाची सुबक आकृती काढायची, बाण काढून नावं द्यायची, मार्क मिळाले की पान उलटायचं. ती आकृती काढून कुणी झाडाच्या जवळ गेल्याचं ऐकिवात नाही.

पण 'भाव महत्त्वाचा' हे वाक्य दोन तऱ्हेने वापरता येतं. एक, माझ्याकडे फार काही नाही, जे आहे ते मनापासून देतो. दोन, मन लावायचे कष्ट नकोत, भाव आहे असं समजून घ्या. पहिल्या तऱ्हेत सुदाम्याचे पोहे येतात. दुसऱ्या तऱ्हेत आपली दसऱ्याची खरेदी येते. आईवर खूप प्रेम आहे म्हणणाऱ्या मुलाला तिला काय आवडतं ते सांगता येत नसेल, तर आई रागावणार नाही. त्या मुलालाच मात्र कधीतरी प्रश्न पडायला हवा की मी प्रेम नेमकं कुणावर करतोय. भाव हवेत तरंगत नाही. तो कुठेतरी बसतो, आणि बसायला त्याला लक्ष लागतं. श्लोकातही देणाऱ्याचं मन कसं असावं ते आलंय: शुद्ध आणि आवरलेलं. दहा ठिकाणी पळणारं मन क्षणभर एका पानावर येऊन थांबतं, ते आवरणंच.

म्हणून माझं उत्तर असं. पान आपलं नाही, रंग आपला नाही, हातसुद्धा आपला म्हणायचा तो व्यवहारापुरता. आपल्याकडचं, आपण रोखून धरू शकतो असं एकच आहे, ते म्हणजे आपलं लक्ष. मोबाईलला, मीटिंगला, चिंतेला आपण ते दिवसभर देतच असतो. भगवंतांनी यादीत पान पहिलं ठेवलं, ते मला वाटतं यासाठीच. सोनं दिलं तर सोन्याचीच किंमत मोजली गेली असती. पानाला बाजारात किंमत नाही, त्यामुळे त्यासोबत काय आलंय तेवढंच उरतं.

आणि लक्ष देणारा माणूस ओरबाडत नाही. हे कुठल्या नियमाने होत नाही, आपोआप होतं. आपल्या परंपरेतल्या रीती बघा. संध्याकाळनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाड झोपलेलं असतं. द्वादशीला तुळस तोडायची नाही. बेल धुऊन पुन्हा वाहता येतो, तो शिळा होत नाही. आषाढात तुकोबांची पालखी पुण्याहून निघून आमच्याकडे मुक्कामाला येते, तेव्हा बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेल्या असतात. जिवंत तुळस, मुळासकट, पंढरीपर्यंत. तोडलीच पाहिजे असं नाही, हेही एक अर्पण आहे.

पिकलं पान

आता ते सुकलेलं पान. त्या रविवारी आमच्याकडच्या एक आजी मुलांना पानं ओळखायला मदत करत होत्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत. आघाडा, माका, विष्णुकांत, सगळी नावं तोंडपाठ. कुणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली तर हसून म्हणाल्या, "मी काय बाबा, पिकलं पान." आपण सगळे हे वाक्य ऐकतो आणि 'असं काय बोलता आजी' म्हणून विषय बदलतो.

पण पान पिकतं म्हणजे काय होतं? झाड त्या पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि उपयोगी पडणारं बरंच काही, त्यात नत्र आलं, परत खोडाकडे ओढून घेतं. हिरवा जातो, आतला पिवळा वर येतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो. झाडाच्या बाजूची जागा बंद होते, जखम उघडी राहत नाही. मगच पान सुटतं. वारा फक्त निमित्त. म्हणजे पिकलेलं पान हे वाया गेलेलं पान नव्हे. त्याने जन्मभर ऊन खाऊन साखर केली, ती देठातून झाडाला दिली आणि जाताना उरलंसुरलंही परत केलं. आमच्या भागात ऊस आहे. त्या कांड्यातली गोडीही आधी पानातच तयार झालेली असते. पानाने ती स्वतःपाशी ठेवली नाही.

माउलींचे श्रीकृष्ण सुकलेलं पानही चालेल म्हणतात, ते मी आधी देवाची उदारता म्हणून वाचायचो. आता वाटतं, त्यात त्या पानाचा मानही आहे. ज्याने आधीच सगळं देऊन टाकलंय, ते देवाला कसं चालणार नाही? मी हे आजींना सांगितलं. त्यांनी थोडा वेळ हातातल्या पानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तपकिरी खडू आणा की. एवढ्या हिरव्या पानांत एक तरी तसं हवं."

आपल्या भाषेतलं पान

मराठीत पान म्हणजे झाडाचं पान, वहीचं पान, आणि जेवायला मांडलेलं पानही. 'पानं घ्या', 'पान वाढलंय' असं आपण स्टीलच्या ताटालाही म्हणतो. भगवंत पान 'खातो' म्हणाले, तेव्हा मराठी माणसाला त्यात फार नवल वाटायला नको. आपण जे काही जेवतो ते आधी कुठल्या तरी पानात शिजलेलं असतं, उन्हावर. गीतेच्या पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीला जो उलटा अश्वत्थ आहे, त्याची पानं म्हणजे वेद असं म्हटलंय. वाचायचं पान, वाहायचं पान आणि वाढलेलं पान, तिन्हींकडे एकाच लक्षाने बघता आलं तर नवव्या अध्यायाचा २७ वा श्लोक जवळ येतो. तिथे भगवंत यादी सोडून देतात. जे करशील, जे खाशील, जे देशील ते सगळं मला अर्पण कर, एवढंच म्हणतात. पान हा त्याचा पहिला धडा. एक पान नीट देता आलं, तर उद्याचा कोड रिव्ह्यू, डबा भरणं, आजारी माणसाशेजारी बसणं, हेही देता येईल.

आजचा छोटा अभ्यास

१. आज एक पान शोधा. शक्यतो खाली पडलेलं. फोटो काढू नका. पाच मिनिटं फक्त बघा: शिरा, कड, देठ, वरची आणि खालची बाजू यांतला फरक.

२. घरात लहान मूल असेल तर त्याच्याबरोबर ते पान रंगवा. रंग पानाला विचारून निवडा. पान अनोळखी असेल तर तोंडाजवळ नेऊ नका, आणि शेवटी हात धुवा.

३. ते पान देवापुढे ठेवा. मंत्र येत असेल तर म्हणा, नसेल तर त्या पानात काय दिसलं ते देवाला सांगा.

४. ही कसोटी स्वतःपुरतीच ठेवा. शेजारी कुणी न बघता पान वाहत असेल तर त्याच्याकडे बोट दाखवू नका. त्याचं पान कोण खातंय ते आपल्याला दिसत नाही.

प्रार्थना: देवा, आज जे काही हातात येईल ते न बघता देऊ नये, आणि न बघता घेऊही नये, एवढी जाग राहू दे.

उद्या २७ व्या श्लोकावर सविस्तर बोलू.

राम कृष्ण हरी!